प्रकल्प नोंदी: घोडीच्या हॉकचा संधिवात आणि सप्लिमेंटची निवड

६ जानेवारी
घोडी १७ वर्षांची, हलक्या स्वारीची. दोन्ही मागच्या पायांच्या हॉकमध्ये (पायाच्या मध्यावरचा, मागे टोक आलेला सांधा) संधिवात, डावा जास्त. एक्स-रेत हॉकच्या सर्वांत खालच्या दोन फटी अरुंद आणि कडा खडबडीत दिसतात. वरचा मोठा सांधा, ज्यातून पाय खरा दुमडतो, तो स्वच्छ आहे. ही गोष्ट पुढे निवडीत निर्णायक ठरेल म्हणून आधीच लिहून ठेवली.

ठाणाजवळच्या फळीवर सध्या तीन डबे आहेत. तिन्हींवर 'जॉइंट' लिहिलेले, तिन्ही अर्धवट वापरलेले. कोणता कधी सुरू केला आणि कशाने फरक पडला, हे कोणालाच सांगता येत नाही. तिन्ही आज बंद.

वजन फितीने काढले: छातीचा घेर १८३ सेंमी, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १६४ सेंमी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८० म्हणजे ४६२ किलो. अंगावरची चरबी ९ पैकी ७. फासळ्या दाबल्याशिवाय लागत नाहीत, मानेच्या वरच्या कडेला गादी आहे. पशुवैद्यांनी इन्सुलिन तपासायला रक्त घेतले. पुढेमागे सांध्यात स्टिरॉइड द्यायची वेळ आली तर तो आकडा हाताशी हवा, कारण इन्सुलिन बिघडलेल्या घोड्यात स्टिरॉइडने लॅमिनायटिस (खुराच्या आतला वेदनादायक दाह) ओढवण्याची भीती असते.

११ जानेवारी
मोजायचे कसे, ते आज ठरवले. 'आता बरी चालते' हे माप नव्हे.

१. लंगडेपणाची श्रेणी. अमेरिकन असोसिएशन ऑफ इक्वाइन प्रॅक्टिशनर्सची ० ते ५ ची मोजपट्टी वापरायची. सरळ रेषेत धड दिसत नाही पण वर्तुळात किंवा कठीण जमिनीवर दरवेळी दिसते, ती श्रेणी २. दुडकीत कुठेही, कायम दिसते, ती ३. ही घोडी २ वर आहे.

२. दहा पावलांची लांबी. वाळू दाताळ्याने सारखी करायची, साध्या चालीत सरळ चालवायचे, डाव्या मागच्या खुराच्या पहिल्या ठशापासून अकराव्या ठशापर्यंत फीत लावायची. धरणारा माणूस दरवेळी तोच. लगाम ओढणारा बदलला की पाऊल बदलते.

३. आखडलेपण सुटायला लागणारी मिनिटे. ठाणातून काढल्यावर डाव्या मागच्या खुराचे टोक वाळूत रेघ ओढते. रेघ बंद होऊन सुटा ठसा उमटू लागेपर्यंतची मिनिटे घड्याळाने मोजायची.

पाय ६० सेकंद दुमडून धरून लगेच दुडकीत पळवण्याची चाचणी पशुवैद्य करतीलच, पण रोजच्या नोंदीत ती घेत नाही. मागच्या पायात हॉक आणि स्टायफल (त्याच्या वरचा, गुडघ्याचा सांधा) एकत्रच दुमडतात, एकटा हॉक दुमडता येत नाही. शिवाय धरणाऱ्याच्या जोरावर निकाल हलतो.

चित्रफितींची नावे बदलून, क्रम विस्कटून श्रेणी द्यायची. देणाऱ्याला तारीख कळता कामा नये.

२० जानेवारी
नालबंद येऊन गेले. मागच्या खुरांची पुढची टोके लांबलेली, टाचा बसलेल्या. टोक लांब असले की खूर जमिनीवरून उलटायला उशीर लागतो आणि तो ताण नेमका हॉकवर येतो. टोक मागे घेतले, नालेचा पुढचा काठ गोल केला, टाचेकडे नाल थोडी लांब ठेवली.

यापुढे नालबंदी दर ३५ दिवसांनी, चुकवायची नाही. सगळी मोजमापे नालबंदीनंतरच्या १० ते १४ या दिवसांतच. तिसऱ्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी घेतलेली मापे शेजारी मांडली, तर आपण डबा नाही, नाल मोजत असतो.

२७ जानेवारी
चंदीचा हिशोब. सप्लिमेंट रिकाम्या घमेल्यात पडत नाही, त्यात आधी काय आहे ते माहीत हवे.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या (एनआरसी) २००७ च्या तक्त्याप्रमाणे ५०० किलोच्या, काम नसलेल्या घोड्याला रोज तांबे १०० मिलीग्रॅम, जस्त ४०० मिलीग्रॅम, मँगनीज ४०० मिलीग्रॅम, सेलेनियम १ मिलीग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ५०० एकके लागते. आत्ताच्या खनिज मिश्रणातून सेलेनियमची गरज एकट्याने भागते. बंद केलेल्या तीनपैकी दोन डब्यांतही सेलेनियम होते, म्हणजे तिहेरी मात्रा चालू होती. सेलेनियम जास्त झाले की आयाळ-शेपटीचे केस तुटतात आणि खुरांवर आडव्या कड्या पडतात. सांध्याला त्याचा फायदा काही नाही. क जीवनसत्त्वाचीही तीच गत. घोडा ते स्वतःच्या यकृतात बनवतो, डब्यावर मात्र ते ठळक अक्षरांत असते.

वजन उतरवायचे आहे. वैरण अंगाच्या वजनाच्या दीड टक्का सुक्या भाराने, म्हणजे ६.९ किलो, या गवतात ओल १२ टक्के धरून तागडीवर ७.९ किलो. दाण्याची चंदी बंद. खनिजे भिजवलेल्या मूठभर कुटीतून. दीड टक्क्याच्या खाली जायचे नाही, उपाशी ठेवलेल्या पोटात अल्सर होतात. गवत चार वाटण्यांत आणि बारीक जाळीतून, म्हणजे पुरवून खाल्ले जाते.

३ फेब्रुवारी
पहिली पाच दिवसांची मापे. दहा पावले १६.१ ते १६.६ मीटर. आखडलेपण ११ ते १६ मिनिटे. श्रेणी २, मात्र एकाच चित्रफितीला दोघांनी एकदा १ आणि ३ दिली.

या फरकाकडे नीट पाहिले पाहिजे. काहीही न बदलता पाच दिवसांत दहा पावलांची लांबी अर्ध्या मीटरने आणि मिनिटे पाचाने हलतात. म्हणजे पुढे कुठलाही डबा १२ मिनिटांवरून ११ वर आणत असेल, तर ते आपल्याला कळणारच नाही, आणि कळल्यासारखे वाटले तरी मानायचे नाही.

९ फेब्रुवारी
लेबलांचे गणित. अर्धा दिवस गेला, पण सर्वांत कामाचा अर्धा दिवस.

ग्लुकोसामाइन कूर्चेसाठी, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या मऊ आवरणासाठी देतात. ते दोन रूपांत येते. हायड्रोक्लोराइड रूपात वजनाच्या ८३ टक्के खरे ग्लुकोसामाइन असते. सल्फेट रूप टिकावे म्हणून पोटॅशियम क्लोराइडच्या जोडीने येते आणि त्यात खरे ग्लुकोसामाइन ५९ टक्केच. घोड्याला चाचण्यांत दिलेली मात्रा साधारण किलोमागे २० मिलीग्रॅम, म्हणजे ५०० किलोला १० ग्रॅम हायड्रोक्लोराइड. त्यातले ८.३ ग्रॅम खरे. तेवढेच सल्फेटमधून हवे तर १४ ग्रॅम लागेल.

डबा 'अ': रोज ६० ग्रॅम द्या म्हणतो, त्यात सल्फेट ५,००० मिलीग्रॅम. आकडा भरगच्च दिसतो. खरे ग्लुकोसामाइन २.९५ ग्रॅम, चाचणीतल्या मात्रेच्या जेमतेम एक तृतीयांश. उरलेल्या ५५ ग्रॅमांत कोंडा, मळी आणि सुगंध. लठ्ठ घोडीला मळी कशाला?

डबा 'ब': घटक किलोमागे दिलेत, दिवसामागे नाही. किलोत ८० ग्रॅम म्हणजे ३० ग्रॅमच्या मात्रेत २.४ ग्रॅम. असे लेबल उलटे सोडवल्याशिवाय समजत नाही आणि बहुधा तसाच हेतू असतो.

डबा 'क': 'खास मिश्रण, १२ ग्रॅम', पुढे नऊ घटकांची नावे, एकाचीही मात्रा नाही. असा डबा यादीतून सरळ बाद.

मापाचा चमचाही तपासला. 'क'च्या चमच्यावर ३० ग्रॅम लिहिलेय. सहा वेळा भरून काट्यावर ठेवला: २४ ते ३३ ग्रॅम. पूड डब्यात बसत जाते, बारीक कण खाली उतरतात, म्हणून पहिल्या आठवड्याचा चमचा आणि शेवटच्या आठवड्याचा चमचा घटकानेही सारखे नसतात. काटा वापरावा, आणि डबा उघडण्यापूर्वी उलटसुलट हलवावा.

लेबल खरे असेलच असेही नाही. घोड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या डब्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा काहींत लिहिल्याच्या ३० टक्केही भरले नाही. कॉन्ड्रॉइटिनचे (कूर्चेतलाच एक घटक) आणखी अवघड. ते महाग, म्हणून भेसळ होते, आणि सीपीसी टायट्रेशनची स्वस्त चाचणी भेसळीलाही कॉन्ड्रॉइटिन समजते. उत्पादकाला विचारायचे ते नेमके: या बॅचचा तपासणी अहवाल आहे का, आणि कॉन्ड्रॉइटिन एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) मोजले का? 'आमचा दर्जा उत्तम' असे उत्तर आले तर उत्तर मिळाले.

१६ फेब्रुवारी
आता घटक. लोकप्रियता बाजूला ठेवून या घोडीच्या या सांध्यासाठी पाहायचे.

हॉकच्या खालच्या दोन सांध्यांत हालचाल नगण्य असते. तिथे कूर्चा झिजत जाऊन शेवटी हाडे एकमेकांना जुळतात, आणि पूर्ण जुळली की बहुतेकदा दुखणे थांबते. म्हणजे 'कूर्चा वाचवतो' हे ज्या घटकाचे सर्वांत मोठे आश्वासन, ते इथे खरे असले तरी फारसे उपयोगी नाही. इथे हवे आहे ते दाह आणि वेदना कमी करणारे काही, तेही हाडे जुळेपर्यंतच्या काळापुरते. फेटलॉकसारखा (खुराच्या थोडा वरचा सांधा) भरपूर हलणारा सांधा असता तर यादी वेगळी लागली असती.

ग्लुकोसामाइन: घोड्यातल्या मोजण्यांत तोंडावाटे दिलेल्यापैकी सुमारे २ ते ६ टक्केच रक्तात पोचते, आणि सांध्याच्या पाण्यातले प्रमाण प्रयोगशाळेत कूर्चेवर परिणाम दाखवणाऱ्या प्रमाणापेक्षा खूपच कमी राहते. अपाय नाही. या सांध्यासाठी बाद.

अव्होकाडो-सोयाबीनचा अर्क: २००७ मध्ये कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रयोगात रोज ६ ग्रॅम दिल्यावर कूर्चेची झीज कमी दिसली, लंगडेपण कमी झाले नाही. आपल्याला नेमके उलटे हवे आहे. बाद. हलत्या सांध्यातल्या तरुण घोड्यासाठी मात्र हे लक्षात ठेवावे.

हिरव्या कडेचे न्यूझीलंडचे शिंपले: किलोमागे २५ मिलीग्रॅम, ५६ दिवस, लंगडेपणात फरक दिसला, पण फेटलॉकमध्ये. राखीव.

एमएसएम (गंधकाचे एक संयुग): रोज १० ते २० ग्रॅम देतात. स्वस्त आणि कडू. संधिवाताच्या घोड्यांतला पुरावा तुटपुंजा.

तोंडावाटे हायलुरोनिक ॲसिड (सांध्याच्या पाण्यातला एक घटक): १०० मिलीग्रॅम रोज, ३० दिवस, ऑपरेशननंतरची हॉकची सूज कमी झाली. तो हॉकचा वरचा सांधा, आणि तिथे संधिवात नव्हता. आपल्याला लागू नाही.

डेव्हिल्स क्लॉ (एक आफ्रिकी वनस्पती): वेदना कमी करू शकते, पण तिच्यातले हार्पागोसाइड एफईआयच्या (घोडेस्वारीचा आंतरराष्ट्रीय महासंघ) प्रतिबंधित पदार्थांत आहे, शिवाय अल्सर असलेल्या घोड्याला आणि गाभण घोडीला देऊ नये. 'वनस्पती आहे, औषध नव्हे' हा समज इथेच फसतो.

रेस्व्हेराट्रॉल (द्राक्षाच्या सालीत असणारा घटक): १ ग्रॅम दिवसातून दोनदा, चार महिने. विशेष म्हणजे प्रयोग हॉकच्या खालच्याच सांध्यांवर झाला. पण त्या सगळ्या घोड्यांना आधी सांध्यात ट्रायम्सिनोलोन हे स्टिरॉइड टोचले होते. स्वारांना फरक जाणवला; यंत्राच्या सगळ्याच मापांत तो तसा दिसला नाही. टोचल्याशिवाय नुसती पूड दिली तर काय होते, हे त्यातून कळत नाही.

ओमेगा-३: माशाच्या तेलातले ईपीए आणि डीएचए. संधिवाताच्या घोड्यांत ९० दिवसांनी सांध्याच्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. मात्रा दांडगी होती, दोन्ही मिळून रोज ३५ ग्रॅम. जवस देऊन हे साधत नाही. जवसातल्या एएलएचे (वनस्पतींतले ओमेगा-३) ईपीए-डीएचए करण्यात घोडा कच्चा आहे.

१ मार्च
निवड: माशाचे तेल, एकटे. दुसरे काहीही नाही.

तेलात ईपीए १८ टक्के, डीएचए १२ टक्के. ६० मिलि म्हणजे साधारण ५५ ग्रॅम, त्यात दोन्ही मिळून १६.५ ग्रॅम. प्रयोगातले ३५ ग्रॅम गाठायला जवळजवळ १३० मिलि लागेल आणि एवढे तेल ही घोडी खाणार नाही. म्हणजे आपण निम्म्या मात्रेवर आहोत. फरक दिसला नाही तर 'तेल निरुपयोगी' एवढे ठाम म्हणता येणार नाही, फक्त 'या मात्रेत, या घोडीत' एवढेच.

५५ ग्रॅम तेल म्हणजे सुमारे ०.५ मेगाकॅलरी. वजन उतरवत असताना हे फुकट जात नाही, तेवढ्याचे गवत कमी करायचे. तेलाबरोबर ई जीवनसत्त्वाची गरज वाढते, म्हणून तेही वाढवले.

१० मार्च
दुसरी पायाभूत मापे: वजन ४५१, दहा पावले १६.३ ते १६.८, आखडलेपण ९ ते १४ मिनिटे. तेलाचा थेंबही दिलेला नसताना सुधारणा झालीय. आज एखादा डबा चालू असता तर श्रेय त्याच्याकडे गेले असते.

उद्यापासून तेल. पहिले तीन दिवस १० मिलि, मग दर तीन दिवसांनी १० वाढवायचे.

२० मार्च
४० मिलिला घोडीने तोंड फिरवले. घमेले हुंगते, वरचा ओठ उचलते, मागे होते. दोन चुका सापडल्या. एक, तेल वरून ओतले होते. कुटीत आधी कोमट पाणी, मग तेल, मग हाताने चोळणे, या क्रमाने वास दबतो. दुसरी गंभीर. कॅन पत्र्याखाली उन्हाच्या बाजूला ठेवला होता आणि तेल खवट झाले होते. बोटावर घेऊन वास घेतला की कळते: ताज्या तेलाला माशाचा वास, खवट तेलाला जुन्या रंगाच्या डब्याचा. खवट तेल दाह कमी करायला देणे म्हणजे उलटाच उद्योग. कॅन टाकला. नवे तेल लहान गडद बाटल्यांत, शीतकपाटात, झाकणावर उघडल्याची तारीख.

घमेल्यात उरलेले तोलून लिहायचे. उद्या पुन्हा ३० मिलिपासून.

८ एप्रिल
उजव्या मागच्या खुरात गळू झाले. तीन दिवस पाय टेकवत नव्हती, नालबंदांनी तळ उघडून पू काढला, पशुवैद्यांनी फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक दिले. पाच दिवसांचा डोस. १० ते १४ एप्रिलची मापे रद्द. औषध संपल्यावर लगेच मोजायचा मोह होतो, पण औषधाचा असर आणि दुसऱ्या पायावर पडलेला भार, दोन्ही ओसरायला हवेत. सरळ पुढच्या नालबंदीनंतर मोजू. तेल चालू.

१९ मे
वजन ४३७. दहा पावले १६.६ ते १७.१. आखडलेपण ६ ते १० मिनिटे. श्रेणी बहुतेक वेळा १.

मोतद्दार म्हणतो तेलाने गुण आला. अंगावरची तकाकी तेलाची नक्कीच. खरारा करताना हाताला कळते. पण तकाकी म्हणजे सांधा नव्हे. जानेवारीपासून २५ किलो ओझे उतरलेय, टोक तीनदा मागे घेतलेय आणि रोजचे मोकळे सोडणे चार तासांवरून नऊ तासांवर गेलेय.

२३ जून
वजन ४३२. दहा पावले १६.७ ते १७.१. आखडलेपण ६ ते ९. तेलाला पंधरा आठवडे होत आले.

उद्यापासून तेल बंद. बाकी सगळे जसेच्या तसे: नालबंदी, गवत, मोकळे सोडणे, काम. तेवढ्या कॅलरीचे गवत परत द्यायचे, नाहीतर पुन्हा दोन गोष्टी बदलतील. तेल बंद केल्याचे श्रेणी देणाऱ्यांना सांगितलेले नाही. कुटी भिजवणे तसेच चालू.

२८ जुलै
तेलाविना पाच आठवडे होत आले. वजन ४३१. दहा पावले १६.६ ते १७.१. आखडलेपण ६ ते ९.

ओमेगा-३ पेशींच्या आवरणात साठते, त्यामुळे परिणाम असलाच तर ओसरायला वेळ लागेल. अजून एक फेरी.

१ सप्टेंबर
तेलाविना दहा आठवडे. दहा पावले १६.५ ते १७.०. आखडलेपण ७ ते १०. श्रेणी १, दोनदा २. जानेवारीत काही न करता मापे जेवढी हलत होती त्यापेक्षा हा बदल लहान आहे. तेल परत सुरू करत नाही.

उरलेले दुखणे डाव्या बाजूला आहे, वर्तुळात डावा पाय आत असताना. पशुवैद्यांशी ठरले: खालच्या दोन्ही फटींत ट्रायम्सिनोलोन, आणि त्यानंतर रेस्व्हेराट्रॉल चार महिने, कारण ते याच क्रमाने तपासले गेलेय. इन्सुलिन जानेवारीत मर्यादेत होते, टोचण्यापूर्वी पुन्हा तपासायचे. पॉलिसल्फेटेड ग्लायकोसामिनोग्लायकॅन या सांध्यासाठीच्या इंजेक्शनचाही विचार झाला (५०० मिलीग्रॅम स्नायूत, दर चार दिवसांनी, सात वेळा). तो मागे ठेवला, एका वेळी एकच.

टोचल्यावर पहिले काही दिवस ठाणावर आणि हाताने फिरवणे, मग कामाला हळूहळू. पुढची नालबंदी २२ सप्टेंबर, मापे २ ते ६ ऑक्टोबर. रेस्व्हेराट्रॉलची पूड त्या मापांनंतरच उघडायची. तोवर सीलबंद, बॅच क्रमांक वहीच्या मागच्या पानावर.